लोकरीच्या विणकामातील उठावदार बोंडे

हस्तव्यवसायाच्या तासाला साधी सुलट-उलट वीण हाती बसली की वरच्या इयत्तांतील मुलेमुली नक्षीकडे वळतात. विणीच्या पृष्ठभागावर जागोजाग गोल गाठी उठविलेली नक्षी त्यांना विशेष आवडते. इंग्रजी नमुन्यांत या गाठीस बॉबल म्हणतात. कापसाच्या मुलखातील मुलांना ‘बोंड’ हा शब्द अधिक जवळचा वाटेल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील ॲरन बेटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड स्वेटरांवर पीळदार पट्ट्यांच्या जोडीला अशी बोंडे असतात. तेथे ती बहुधा उलट विणीच्या भूमीवर घेतात, कारण उलट टाक्यांच्या खडबडीत भूमीवर गुळगुळीत बोंड ठळक दिसते.

शाळेतील नमुन्यांत मात्र ही बोंडे पुष्कळदा चपटी पडतात, बुडाशी भोक दिसते, किंवा बोंड मागील बाजूस दडी मारते. अशा वेळी पाचाऐवजी सात टाके घ्यावयास सांगण्याचा मोह होतो. त्याने बोंड मोठे होते, पण अधिकच लोंबते. बोंडाचा उठाव टाक्यांच्या संख्येपेक्षा त्याच्या देठाच्या आवळपणावर अवलंबून असतो. झाडावरील कापसाचे मिटलेले बोंड मुलांच्या हाती द्यावे. वर फुगीर, खाली बारीक देठ. लोकरीच्या बोंडाची घडणही हीच.

कृती अशी. उलट विणीच्या भूमीवर, दर्शनी बाजूने विणत असता, बोंडाच्या जागी येताच एकाच टाक्यातून पाच टाके काढावेत: एकदा पुढील दोऱ्यातून सुलट, एकदा मागील दोऱ्यातून, असे आलटून पालटून, पाच होईपर्यंत मूळ टाका डाव्या सुईवरून सोडू नये. सुईवर दोरा गुंडाळून टाके वाढविण्याची रीत मुलांना सोपी जाते, परंतु बुडाशी भोक पडते ते त्यामुळेच. ती रीत वापरावयाची असल्यास परतताना गुंडाळलेला प्रत्येक दोरा मागील बाजूने विणून त्यास पीळ द्यावा, भोक मिटते.

नंतर काम फिरवून तेवढेच पाच टाके उलट विणावेत; पुन्हा फिरवून पाच सुलट. दोन्ही वेळा पहिला टाका न विणता नुसता उचलावा. त्याने कडा आखडतात आणि तुकडा आपोआप गोलाकार वळतो. आता पाचही टाके उजव्या सुईवर असतील. सुईच्या टोकाशी असलेल्या टाक्यावरून त्यामागील टाके डाव्या सुईने एकेक करून उडी मारून जाऊ द्यावेत; अखेर एकच टाका उरेल. पाच टाके एकदम एकत्र विणण्यापेक्षा ही रीत मुलांच्या हातांना सोयीची आहे आणि बोंडाचे तोंडही नीट मिटते.

येथवर बहुतेक मुले बरोबर येतात. चूक होते ती पुढच्या टाक्यात. बोंडानंतरचा उलट टाका विणताना दोरा जरा ओढून घ्यावा, आणि परतीच्या ओळीत उरलेला एकटा टाका मागील दोऱ्यातून सुलट विणून त्यास पीळ द्यावा. देठ आवळला जातो तो या दोन ठिकाणी. परतीची ओळ विणताना बोंड मागे शिरलेले दिसल्यास बोटाने दर्शनी बाजूस लोटावे.

हे नुसते सांगण्यापेक्षा एका पट्टीवर तीन बोंडे करवून घ्यावीत: एक देठ सैल ठेवून, एक देठ आवळून, आणि एक सात टाक्यांचे पण सैल. डोळे मिटून त्यांवरून बोट फिरविले की कोणते बोंड उठले आहे ते मुलांना फळ्यावरील आकृतीपेक्षा लवकर कळते. कारण न सांगता ‘पुन्हा उसव’ एवढेच ऐकून कितीतरी मुलींनी सुया बाजूस ठेवल्या आहेत. मुलांनाही या कामातून वगळण्याचे कारण नाही.

लोकरीचा हिशेब आधी करावा. बोंडांना बरीच लोकर लागते. मोजून आणलेला गुंडा टोपीच्या अखेरच्या ओळींना अपुरा पडला, तर त्याच रंगछटेची लोकर पुन्हा मिळेलच असे नाही, आणि ज्या घरातून ती लोकर आली तेथे दुसरा गुंडा मागणे मुलीला जड जाते. म्हणून नमुन्यातील एक बोंड उसवून त्याचा दोरा पट्टीने मोजावा. समजा, तो ३० सेंटिमीटर भरला आणि टोपीवर ४८ बोंडे आहेत, तर केवळ बोंडांसाठी १४ मीटर ४० सेंटिमीटर दोरा हवा. गणिताच्या तासाला हेच उदाहरण घालता येईल.

सुती दोऱ्यात लोकरीची लवचीकता नसल्याने बोंडे ढिली पडतात. नमुन्यासाठी जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर चालेल, मात्र ती धुऊन, ताणून सरळ केलेली असावी. कडेपासून निदान दोन टाके सोडूनच बोंड घ्यावे, नाहीतर शिवताना ते शिवणीत अडकते. तयार झालेल्या कामावर इस्त्री फिरवू नये. ओले करून, पिळून न काढता, सपाट जागी सावलीत पसरावे आणि वाळण्यापूर्वी प्रत्येक बोंड चिमटीत धरून गोल करावे.