वर्षाची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा चिंता. ज्या स्थितीत चिंता नाही ती बेगमी. मराठीत रुळताना शब्दाने आपला अर्थ थोडासा पालटला. ज्या साठ्यामुळे मनुष्य निश्चिंत होतो, त्या साठ्यालाच लोक बेगमी म्हणू लागले. पावसाळ्याची बेगमी, लाकूडफाट्याची बेगमी, गुरांच्या वैरणीची बेगमी, असे आपण सहज बोलतो. परंतु नुसती ‘बेगमी’ म्हटली, की डोळ्यांपुढे उभे राहते ते वर्षाचे धान्य.

पीक वर्षातून एकदा, फार तर दोनदा हाती येते. भूक मात्र रोज लागते. या दोहोंचा मेळ घालणे हेच बेगमीचे काम होय. कोकणात भात आश्विन-कार्तिकात कापले जाते. देशावर रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर येते आणि तिच्यामागून गहू. यानंतर शेताकडून घरात काही येईनासे होते. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचे दिवस तर सर्वांत अवघड. जवळचे धान्य सरत आलेले, पेरणीसाठी खर्च झालेला, कामाचा ताण सर्वांत अधिक, नवे पीक अजून हिरवे. पूर्वी नद्यांना पूर आले, की वाटा बंद पडत आणि बाजार तुटत. जवळ पैसे असूनही दाणा मिळू नये असा तो काळ असे.

ज्याच्या घरी बेगमी नसे त्याला आषाढात सावकाराच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या दारी जावे लागे. तेथे धान्य मिळे ते दिढीने. दिढी म्हणजे दीडपट. आषाढात दोन मण ज्वारी न्यावी आणि सुगीत तीन मण परत करावी, असा हा व्यवहार. मुदत पाहिली तर सात-आठ महिन्यांची, आणि वाढ निम्म्याने! सुगीच्या राशीतून हे तीन मण आधी उचलले गेले, की घरात राहणारा साठा मागच्या वर्षीपेक्षा तितका कमी पडे. पुढच्या आषाढात दोन मणांऐवजी पाच मणांची गरज लागे, आणि त्यांचे साडेसात मण होत. एकदा या फेऱ्यात सापडलेले कुटुंब बाहेर निघणे कठीण असे. म्हणून बेगमीकडे केवळ स्वयंपाकघरातील काटकसर म्हणून पाहणे योग्य नव्हे. शेतकऱ्याची जमीन त्याच्या नावावर राहणार की नाही, हा प्रश्न पुष्कळदा घरातल्या कणगीच्या तळाशी जाऊन ठरत असे.

बेगमीचा आरंभ हिशेबाने होतो. घरात रोज दीड किलो ज्वारी लागत असेल, तर वर्षाला सुमारे साडेपाच क्विंटल लागेल, हे तुम्हीही सांगाल. परंतु जाणत्या घरात हिशेब एवढ्यावर संपत नसे. सणवार, येणारा-जाणारा, लेकीचे बाळंतपण, सुगीच्या वेळचे गडीमाणूस, बलुतेदारांचा वाटा हे सर्व त्यात धरले जाई. बियाणे निराळे काढले जाई. शिवाय पुढचा पाऊस महिनाभर लांबला तर काय, या विचाराने थोडे धान्य अधिक ठेवले जाई. दशमान पद्धतीची वजने-मापे १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू रूढ झाली. त्यापूर्वी चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही मापे चालत. चार शेरांची पायली होई. पण पायलीपुढची मापे गावागणिक बदलत. पुष्कळ घरांत अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंना कणगीवर हात ठेवून ‘हे पोळ्यापर्यंत पुरेल’ असे अचूक सांगता येत असे.

हिशेबानंतरचे काम वाळवण्याचे. साठवलेल्या धान्याचा खरा शत्रू ओल हा आहे. कीड आणि बुरशी हे त्याचे सोबती. धान्यात शंभर भागांत बाराहून अधिक भाग पाणी राहिले, की त्यांचे फावते. पूर्वी हे मोजण्याचे यंत्र नव्हते, दात होते. दाणा चावला असता कट् असा आवाज होऊन तुटला तर तो वाळला, आणि दाताखाली दबला तर त्याला अजून ऊन हवे. उन्हातून काढलेले धान्य तसेच ऊन-ऊन कोठीत भरू नये. आत गेल्यावर ते निवू लागते, त्याची वाफ वरच्या थरात जमते, आणि उन्हात घालवलेली ओल पुन्हा घरात येते. तांदळाला तर कडक ऊन सोसतच नाही. दाणा तडकतो आणि भात शिजताना त्याच्या कण्या होतात. म्हणून तांदूळ सावलीत पसरतात.

धान्य ठेवायचे कशात, याचे उत्तर प्रत्येक प्रदेशाने आपापल्या मातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे दिले आहे. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी सर्वत्र आढळते. दक्षिण कोकणात भाताच्या पेंढ्याची मुडी बांधतात. मातीच्या उभ्या कोठीला तळाशी एक भोक ठेवून त्यात चिंध्यांचा बोळा बसवलेला असतो. वरून भरायचे आणि खालून काढायचे. त्यामुळे आधी भरलेले धान्य आधी बाहेर येते. आज मोठमोठ्या गोदामांतून कसोशीने पाळला जाणारा हा नियम त्या एका बोळ्याने बिनबोभाट पाळला जाई! डाळी, मीठ, मिरच्या अशा थोड्या-थोड्या वस्तू मडक्यांत भरून ती एकावर एक रचीत. तिला उतरंड म्हणतात.

देशावर मात्र साठवणीचा राजा पेव. गावठाणाच्या उंचवट्यावर, जेथे पाणी झिरपत नाही अशा घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात, एक खड्डा खणीत. त्याचे तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, पण पोट रांजणासारखे विस्तृत. आत जाळ करून भिंती वाळवीत, तळाला व बाजूंना कडब्याचा किंवा पाचटाचा थर लावीत, आणि मग त्यात ज्वारी भरून तोंडावर दगड ठेवून वर माती लिंपीत. ही ज्वारी काही वर्षे टिके. याचे कारण असे, की दाणा हा सजीव आहे. तोही श्वासोच्छ्वास करतो. बंद पेवात तो हळूहळू तेथील प्राणवायू संपवतो आणि कर्बवायू सोडतो. आत चुकून गेलेले किडे त्या हवेत गुदमरून मरतात. कोणतेही औषध न घालता धान्य स्वतःचेच रक्षण करते. भिंतीलगतचे दाणे तेवढे काळवंडत. ते खाण्यास अयोग्य म्हणून टाकून देत.

पण जी हवा किड्याला जगू देत नाही ती माणसालाही देत नाही. कर्बवायू हवेहून जड असल्यामुळे पेव उघडल्यावरही तो आत साचून राहतो. घाईने आत उतरलेली माणसे वर आलीच नाहीत, अशा घटना घडलेल्या आहेत. म्हणून पेव बराच वेळ उघडे टाकून, दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडण्याची रीत पडली. कंदील विझला तर कोणीही उतरावयाचे नाही. (तो विझला नाही म्हणजे धोका मुळीच नाही, असे मात्र समजू नये.) पेवाला दुसरे भय पाण्याचे. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून फार मोठी हानी झाली. एकदा उघडलेले पेव पुन्हा तसेच बंद करून चालत नाही. बाहेरची हवा आत गेलेली असते, म्हणून सगळे धान्य उपसावे लागते. एका घराला एवढे लागत नसे. मग शेजारीपाजारी ते वाटून घेत आणि आपले पेव उघडेल तेव्हा परत देत. एखादी गोष्ट अचानक उदंड झाली, की तिचे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. तो वाक्प्रचार या प्रसंगावरूनच आला असावा असे मला वाटते.

घरोघरच्या किडीवरील उपायांतही शहाणपण आहे. कडधान्यातला भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि त्याची अळी दाण्याच्या आत वाढते. तूर भरडून डाळ केली, की त्याला हवे असलेले घरच राहत नाही. म्हणून अख्ख्या तुरीपेक्षा डाळ अधिक टिकते. गव्हाला एरंडेलाचा हात लावतात, कारण तेलाच्या पातळ थराखाली किडीच्या अंड्यांना हवा मिळत नाही. बियाण्यात चाळलेली राख मिसळतात. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते. कडुनिंबाचा पाला घालावा, पण तो वाळलेला हवा. हिरवा पाला घालणारा मनुष्य किडीला ओलीचे आमंत्रण देतो. बाजारात मिळणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक आहे, आणि निजलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही.

धान्याखेरीज चैत्र-वैशाखात अंगणे पापड, कुरडया, सांडगे आणि शेवयांनी भरून जात. चिंच मीठ लावून बरणीत बसे, आमसुले वाळत, आणि किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर लटकत. कारण पावसाळ्यात होड्या समुद्रावर जात नाहीत. मिठाने आणि उन्हाने पाणी काढून घेणे हे या सर्वांमागील तत्त्व एकच.

साठा करणे एक आणि तो वापरणे दुसरे. माझ्या मते दुसरे अधिक कठीण. रोजचे धान्य मापाने काढावे लागते; भरल्या कणगीत हात सैल सुटतो आणि श्रावणात तो आखडावा लागतो. जुने आधी आणि नवे मागून, हा नियम पाळावा लागतो. तांदूळ तर जुनाच चांगला. वर्षभर मुरलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो. याउलट पीठ साठवू नये. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्यामुळे ते थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून दाणे ठेवावेत आणि लागेल तसे दळावे. डोंगराळ भागातील नाचणीला कीड सहसा लागत नाही. ती वर्षानुवर्षे टिकते. सह्याद्रीच्या कपारीतील लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला तो उगाच नव्हे. आणि बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नाही, हा वापराचा सर्वांत कठोर नियम. घरात मुले भुकेली असताना तो पाळणाऱ्या बायांच्या मनाची कल्पना आपण आज करू शकणार नाही.

एका वर्षाची बेगमी एका वर्षाच्या संकटाला पुरते. एकामागून एक पावसाने दगा दिला, की उत्तम संसाऱ्याचीही कणगी रिकामी होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात असेच झाले. लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर गेली. तेथे सुकडी वाटली गेली, आणि ज्यांनी आयुष्यभर घरची शाळू ज्वारी खाल्ली त्यांनी परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला. अशा वेळी घराच्या कोठीमागे गावाची आणि राज्याची कोठी उभी असावी लागते. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेल्या लोकांसाठी बेदरच्या बादशहाची कोठारे उघडली, ही कथा महाराष्ट्राने इतकी शतके जपली, यावरून लोकांच्या मनात या गोष्टीचे मोल किती होते ते दिसते. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. तो हक्क आहे. दामाजीपंतांप्रमाणे कोणाच्या दयेवर ते अवलंबून नाही.

शहरातील दोन खोल्यांत कणगी मावत नाही, आणि कोपऱ्यावरचे दुकान रात्रीपर्यंत उघडे असते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत गव्हाची पोती येतात, गच्चीवर चादरी पसरल्या जातात आणि पत्र्याच्या कोठ्या धुऊन वाळत घातल्या जातात. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा अशा घरांना दुकानांपुढील रांगांत पहिल्याच दिवशी उभे राहावे लागले नाही.

स्वाध्याय

१. ‘बेगमी’ या शब्दाचा मूळ अर्थ व आजचा अर्थ यांत काय फरक आहे?

२. दिढीने धान्य घेणारे कुटुंब दरवर्षी अधिक अडचणीत का येई, ते पाठातील हिशेबाच्या आधारे समजावून सांगा.

३. कारणे लिहा : (अ) ऊन धान्य कोठीत भरू नये. (आ) अख्ख्या तुरीपेक्षा डाळ अधिक टिकते. (इ) पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडीत.

४. वाक्यांत उपयोग करा : पेव फुटणे, हात आखडणे, फावणे, दगा देणे.

५. तुमच्या घरी रोज किती धान्य लागते ते आठवडाभर मोजून वर्षाचा हिशेब मांडा. तो घरातील वडीलधाऱ्या माणसांना दाखवा आणि तुमच्या हिशेबातून काय निसटले ते त्यांच्याकडून लिहून घ्या.