उधारीची चोपडी आणि 31 मार्च

2025 साली आपल्याकडे रमजान ईद नेमकी 31 मार्चला आली. कारागीर ईदच्या खर्चासाठी बाकी मागत होता आणि व्यापारी वर्षाचा हिशेब बंद करण्याच्या घाईत होता. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, म्हणून हा योग पुन्हा लवकर यायचा नाही. 31 मार्च मात्र दरसाल येतो. त्या दिवशी कारागिराचे किती देणे थकले आहे यावर आता व्यापाऱ्याचा प्राप्तिकरही अवलंबून असतो. आमच्या पुष्कळ वाचकांच्या ही गोष्ट अजून ध्यानात आलेली दिसत नाही.

मूळ कायदा 2006 चा, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा. लहान उत्पादकाकडून माल घेतला किंवा मजुरीवर काम करून घेतले तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण 45 दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत, असे तो सांगतो. बरीच वर्षे हे कागदावरच राहिले. 2023 च्या अर्थसंकल्पाने त्याला प्राप्तिकराची जोड दिली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे या मुदतीत दिले नाही, तर ती रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. 2023-24 या वर्षापासून हे लागू झाले. प्राप्तिकराचा 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा. त्यात कलमांचे आकडे बदलले, तरतूद तीच राहिली.

एक उदाहरण घेऊ. कापडाच्या एका भागीदारी पेढीने मालेगावच्या यंत्रमागधारकाकडून 20 जानेवारीला 5 लाखांचे ग्रे कापड घेतले. लेखी करार नाही, म्हणजे मुदत 4 फेब्रुवारीला संपली. पेढीने 31 मार्चच्या आत पैसे दिले, तर उशीर होऊनही खर्च याच वर्षी मिळेल. 10 एप्रिलला दिले, तर हे 5 लाख या वर्षीच्या नफ्यात मिळवले जातील. भागीदारी पेढीला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 1,56,000 रुपये जास्तीचे भरावे लागतील. पुढच्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळते हे खरे, पण तोवर भांडवल अडकले त्याचे काय? आता दुसरी बाजू पाहा. माल 1 मार्चला आला आणि 45 दिवसांचा लेखी करार आहे, तर 15 एप्रिलपर्यंत दिलेले पैसे याच वर्षी धरले जातात. फरक पडला तो एका कागदाने. मुदतीची उधारी लिहून ठेवावी, हे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत सांगितलेले आपण सर्वजण जाणतो. बाजारात मात्र तोंडी शब्दावर लाखोंचा व्यवहार चालतो आणि त्यालाच आपण विश्वास म्हणतो.

सर्वच व्यापाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. ज्यांची वार्षिक विक्री 2 कोटींपर्यंत आहे (रोखीची जमा 5 टक्क्यांहून जास्त नसेल तर 3 कोटींपर्यंत) आणि जे विक्रीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, असा ठोक नफा दाखवून कर भरतात, त्यांच्या करावर या थकबाकीचा परिणाम होत नाही. त्यांनी लक्षात ठेवायची तारीख 15 मार्च. त्या दिवसापर्यंत वर्षाचा सगळा आगाऊ कर एकरकमी भरायचा असतो.

आता कारागीर बंधूंविषयी. हा हक्क मागायचा तर उद्यम नोंदणी हवी. आधार आणि पॅनवर ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार घेणारे दलाल आम्ही पाहिले आहेत. त्यांना एक पैसाही देऊ नये. नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. मुदत माल पोहोचल्या दिवसापासून मोजतात, म्हणून चलनावर तारीख घालून घेणाऱ्याची सही घ्यावी. नुसता माल विकत घेऊन विकणाऱ्या दुकानदारालाही 2021 पासून ही नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिराच्या पैशांचे संरक्षण तिच्यात नाही.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क कायदा देतो. व्याज घ्यायचे नाही असे ठरवलेल्या कारागिराला ते सोडता येईल, पण त्याबरोबर मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्कही सोडावा असे काही नाही.

2024 च्या मार्चमध्ये काही बाजारांत व्यापाऱ्यांनी माल परत केला, कुठे कारागिराला नोंदणी रद्द करायला सांगितले. आम्हांला हा मार्ग पटत नाही. आज नोंदणी रद्द केलेला कारागीर उद्या बँकेच्या दारात उभा राहील तेव्हा त्याच्या हातात कोणता कागद असेल? पैसे नसतील तर कमी माल उचलावा, हे सरळ आहे.

शेवटच्या दोन दिवसांत रोख देऊन खाते मिटवण्याची सवयही महागात पडते. एका दिवसात एका माणसाला 10,000 रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. म्हणजे पैसेही गेले आणि वजावटही गेली. चेक वठायला वेळ लागतो, तेव्हा तो आठवडाभर आधी द्यावा, नाहीतर रक्कम थेट खात्यात पाठवावी. जकातीचा हिशेब करताना येणे-देण्याची यादी आपण करतोच. त्याच यादीत कारागिराच्या प्रत्येक बिलापुढे माल आल्याची तारीख आणि उद्यम क्रमांक असे दोन रकाने वाढवावेत, आणि ती फेब्रुवारी संपण्यापूर्वी आपल्या हिशेबनिसाला दाखवावी.