एक रात्र रिकामी ठेव

क्राइस्टचर्च,
१२ ऑक्टोबर

चि. सई,


तुझा प्रवासाचा तक्ता काल जेवण झाल्यावर काकांनी आणि मी टेबलावर पसरून वाचला. दहा रात्री, दहा मुक्काम, पोचायच्या वेळा, डिझेल कुठे भरायचं तेसुद्धा. मेहनत घेतली आहेस, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवसाच्या ओळीत ‘पुकाकी तलाव, फोटो, १० मिनिटं’ असं वाचलं आणि राहवेना. आम्ही इथे नवे होतो तेव्हा आमच्याही कागदावर जवळजवळ हेच लिहिलं होतं.

नोव्हेंबरचा शेवट होता. तुझी आजी पुण्याहून आली होती, म्हणून मोटरहोम भाड्यानं घेतलं. इथून वनाकापर्यंत सव्वाचारशे किलोमीटर एका दमात गाठायचे, असा बेत. पुकाकी आला तेव्हा मी काच खाली करून चालत्या गाडीतूनच फोटो काढला. आजी म्हणाली, “अगं, जरा थांबा की.” मी म्हटलं, “परत येताना.” पुढे ट्वायझलला पंपावर थांबलो, तर दार उघडताक्षणी वाऱ्यानं माझ्या हातातून हिसकावून घेतलं. बिजागरी वाकली. पंपावरच्या बाईंनी डोंगरांवरचे लांबट, गुळगुळीत ढग दाखवले आणि म्हणाल्या, हा वायव्येचा वारा आहे, आज असली उंच गाडी घेऊन लिंडिस खिंडीत जाऊ नका.

या वाऱ्याची गंमत समजून घे, कारण तो तुम्हालाही भेटेल. टास्मन समुद्रावरून ओला वारा येतो, इथल्या सदर्न आल्प्सच्या पश्चिम उतारावर सगळा पाऊस ओततो आणि अलीकडे कोरडा, गरम होऊन दऱ्यांमधून सुसाट सुटतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर पाऊस ओतून वारा देशावर कोरडा होतो ना, त्याचाच हा भाऊबंद. उंच बाजूंच्या गाडीला तो आडवा लागला की स्टिअरिंग हातात राहत नाही. खिंड ९७१ मीटरवर आहे आणि पर्यायी रस्ता फार लांबचा. वनाकाचे पैसे भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. मी चिडले होते. काकांनी काही न बोलता गाडी वळवली आणि दहा-बारा किलोमीटर मागे, पुकाकीच्या काठी आणून उभी केली.

तिथे आम्ही सोळा तास होतो. दहा मिनिटांत जे दिसत नाही ते सांगते. ते पाणी निळं म्हणावं तर निळं नाही. दुधात मोरचूद विरघळवावा तसा रंग. आजीनं काठावरून स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. सकाळी तळाशी करड्या पिठाचा पातळसा थर. मी बोट फिरवलं, तर बोटाला जवळजवळ काही लागलंच नाही, इतकं ते बारीक. वर हिमनद्या जात्यासारखा खडक दळतात, ते पीठ नद्यांमधून तलावात येतं, तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की हा रंग उमटतो. तलाव मूळचा हिमनदीनं कोरलेला, पण विजेसाठी १९४० आणि १९७० च्या दशकांत दोनदा त्याची पातळी वाढवली. जुना काठ आता खोल पाण्याखाली आहे.

मध्यरात्री वारा एकाएकी पडला. त्या शांततेनंच जाग आली. बाहेर आलो तर आजी शाल गुंडाळून आधीच पायरीवर बसलेली. या मुलखाला २०१२ पासून राखीव अंधाऱ्या आकाशाचा दर्जा आहे, दिवे कसे लावायचे याचेही नियम आहेत. आजी म्हणाली, “मृग उलटा आहे गं!” खरंच, आपण लहानपणापासून पाहिलेलं मृग नक्षत्र इथे खाली डोकं वर पाय, आणि व्याध त्याच्या वरच्या अंगाला. पहाटे साडेपाचला तलावाच्या पार टोकाला आओराकी गुलाबी झाला. ३७२४ मीटर उंचीचा तो पर्वत आदल्या दिवशी ढगांत होता, आम्हाला दिसलाही नव्हता. इथल्या न्गाई ताहू लोकांचा तो पूर्वज आहे. हे आजीला सांगितलं, तर तिनं हात जोडले.

म्हणून माझं ऐक. दहातली एक रात्र रिकामी ठेव, तिचं आरक्षण करू नकोस. आणि रोजच्या वेळापत्रकातले दोन तास कमी कर. नकाशा जे साडेपाच तास सांगतो, त्याला मोटरहोमला सात लागतात.

पण थांबायचं म्हणजे वाटेल तिथे गाडी लावायची असं नाही, हेही तितक्याच कळकळीनं सांगते. आमच्या वेळी सगळं सैल होतं, लोकांनी काठ घाण केले, म्हणून कायदे आले. असा उघड्यावर मुक्काम करायचा तर २०२३ च्या कायद्यानं गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि हिरवं प्रमाणपत्र लागतं. गाडी ताब्यात घेताना ते काचेवर लावलेलं स्वतः बघून घे. तरीही दर ठिकाणची पाटी वाच. जिथे मनाई आहे तिथे दृश्य कितीही सुंदर असो, पुढे जायचं. भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर ओतू नकोस, टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. जावईबापूंना सांग, वारा असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करून, झाडांच्या फांद्यांपासून दूर उभी करायची, आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. शेगडी पेटवलीस की छताची खिडकी उघडी हवी; थंडीसाठी शेगडी पेटती ठेवून झोपणं, हे तर कधीच नाही. हवामानाचा इशारा रोज सकाळी बघायचा.

शिधा इथे सगळा मिळतो. तरी आईनं काही बांधून दिलंच, तर प्रवेशाच्या अर्जात लिही. न सांगता आणलेलं सापडलं की जागेवर ४०० डॉलर दंड. मुगाची डाळ, तांदूळ, हिंग मी देईन. त्या रात्री आजीनं केलेली खिचडी दोन मोठ्या वाट्यांची होती, तेवढी तुम्हा दोघांना पुरेल.

पुकाकीला थांबलात तर आजीला व्हिडिओ कॉल लाव. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा पुण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. जेवून ती खिडकीपाशी बसलेली असते. आधी तिला पाणी दाखव, मग बोल.

तुझी,
मावशी