फुकटचा गेम जरूर घ्या, पण आधी हे वाचा

एपिक गेम्स स्टोअरवर दर गुरुवारी रात्री नवा फुकट गेम लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. डिसेंबर २०१८मध्ये ‘सबनॉटिका’पासून हा प्रकार सुरू झाला. मे २०२०मध्ये ‘जीटीए ५’ फुकट लागला तेव्हा गर्दीनं स्टोअरच बंद पडलं होतं. हे गेम खरंच फुकट असतात. एकदा घेतला की तो तुमच्या खात्यात कायमचा राहतो.

मग पैसे कोण भरतं? एपिक भरतं. २०२१मध्ये अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात त्यांचे कागद उघड झाले. पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेमसाठी स्टुडिओंना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले गेले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळाली. म्हणजे एका नव्या खात्यामागे अडीच डॉलरही पडले नाहीत. यात लबाडी काही नाही. पण कंपनीला तुमचं खातं हवं असतं आणि त्यासाठी ती पैसे मोजते, हे ध्यानात ठेवून व्यवहार करावा.

धोका दोन बाजूंनी येतो. कंपनी तुमची संमती घेऊन माहिती गोळा करते, ही एक बाजू. ‘फुकट’ या शब्दाच्या आड बसलेला चोर, ही दुसरी. माझ्या मते घराघरात जास्त नुकसान दुसऱ्या बाजूनं होतं, म्हणून खाली तिला जास्त जागा दिली आहे.

काय करावं

• स्टोअर स्वतः उघडा. गेम फुकट लागल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर कळो की डिस्कॉर्डवर, आलेल्या लिंकवर जाऊ नका. पत्ता हातानं टाइप करा किंवा लाँचर, म्हणजे स्टोअरचा संगणकावरचा प्रोग्रॅम, उघडा. ऑफर खरी असेल तर ती तिथं दिसेलच.

• गेमसाठी वेगळा ईमेल ठेवा. बँक, डीमॅट, आधार ज्या ईमेलला जोडलेले आहेत तो इथं देऊ नका. २०१९मध्ये झिंगा या कंपनीकडून १७ कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली. त्यात ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’सारखे साधे शब्दखेळ खेळणारे लोक होते. अशा चोरीत ईमेल आणि पासवर्ड एकत्र जातात आणि चोर तीच जोडी इतर ठिकाणी लावून पाहतो. म्हणून पासवर्डही वेगळाच हवा.

• टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा पडताळा, लावा, शक्यतो ऑथेंटिकेटर अ‍ॅपचं. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये एपिकनं फुकट गेम घेण्यासाठी ते काही आठवडे सक्तीचं केलं होतं.

• ‘फुकट’ म्हणजे नेमकं काय, ते पाहा. स्टीम या स्टोअरवरचा ‘फ्री वीकेंड’ सोमवारी संपतो, कायमचा मिळालेला गेम संपत नाही.

• गेम घेतल्यावर संमतीच्या खुणा काढा. जीओजी हे स्टोअर फुकट गेम देतं तेव्हा त्यासोबत त्यांचे जाहिरातीचे ईमेलही सुरू होतात. गेम खात्यात आला की सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, गेम जात नाही. जीओजीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. गेमची फाइल उतरवून घेतली की लाँचरशिवाय, नेटशिवायही खेळता येतं. खासगीपणा जपणाऱ्यांनी फुकट गेमसाठी आधी इथं पाहावं.

• खेळून झालं की लाँचर पूर्ण बंद करा. संगणक सुरू होताच तो आपोआप चालू होणार नाही, अशी सेटिंग ठेवा. मार्च २०१९मध्ये काही खेळाडूंच्या लक्षात आलं की एपिकचा लाँचर त्यांच्या संगणकातल्या स्टीमच्या फाइलची प्रत काढून ठेवतोय. मित्रयादी जोडायची का, हे विचारण्याआधीच. तुम्ही होकार दिल्याशिवाय ही माहिती सर्व्हरवर जात नाही, असं कंपनीनं सांगितलं. पण रीत चुकीची होती, हे प्रमुख टिम स्वीनी यांनी मान्य केलं. हे उघड झालं ते खेळाडूंनी लक्ष ठेवलं म्हणून. एकट्यानं खेळायच्या गेमबाबतही विचारत राहावं. युबिसॉफ्टच्या ‘फार क्राय प्रायमल’नं दहा मिनिटांत दीडशे वेळा बाहेर संपर्क साधला, अशी तक्रार एप्रिल २०२५मध्ये नॉइब या संस्थेनं ऑस्ट्रियात दाखल केली.

• फोनवर परवानग्या तपासा. कोडं सोडवायच्या गेमला कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन कशाला लागतं? नकार द्या. त्यामुळे गेम चालला नाही तर काढून टाका. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’चा रकाना गेम बनवणाराच भरतो, त्यावर पूर्ण विसंबू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली ‘अ‍ॅड्स’ असतं, तिथला जाहिरात आयडी डिलीट करून टाका.

काय टाळावं

• वेबपानावर उघडलेल्या लॉग इन खिडकीवर विश्वास ठेवू नका. हा सापळा जवळून पाहण्यासारखा आहे. ‘फुकट स्किन घ्या’वर क्लिक केलं की स्टीमची छोटी खिडकी उघडते. वर कुलपाचं चिन्ह, पत्ता अगदी बरोबर, भाषा नेहमीची. प्रत्यक्षात ती खिडकी नसतेच, पानावर काढलेलं चित्र असतं आणि पत्ताही चित्रातलाच. ओळखायचं असेल तर ती माउसनं धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढा. खरी खिडकी बाहेर येते, खोटी कडेला अडकते. अडकली की पान बंद करा.

• ‘मी गेम बनवलाय, जरा टेस्ट करून दे’ असं म्हणणाऱ्याची फाइल उघडू नका, मेसेज ओळखीच्या खात्यावरून आला तरी. ते खातं आधीच चोरलेलं असू शकतं. अशा फाइलमधला प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या, लॉग इन लक्षात ठेवणाऱ्या कुकीज उचलतो आणि मग पासवर्ड किंवा टू-फॅक्टर न लागताही चोर आत शिरतो. मित्राला फोन करून विचारा.

• मोठ्या स्टोअरवर आहे म्हणून अनोळखी फुकट गेम डोळे मिटून घेऊ नका. फेब्रुवारी २०२५मध्ये स्टीमवरच्या ‘पायरेटफाय’ या फुकट गेममध्ये माहिती चोरणारा प्रोग्रॅम निघाला. ज्यांनी तो चालवला त्यांना स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वनं विंडोज नव्यानं टाकण्याचा विचार करा, असं कळवलं. त्याच वर्षी स्टीमवरचाच ‘ब्लॉकब्लास्टर्स’ हा गेम आधी साधा होता, विष आलं ते नंतरच्या अपडेटमधून. नवा स्टुडिओ आणि मोजकेच रिव्ह्यू असतील तर काही आठवडे थांबा.

• रिडीम कोड ‘बनवून देणाऱ्या’ साइटवर जाऊ नका. आपल्याकडची मुलं यात फसतात. फ्री फायरचे डायमंड, बीजीएमआयचं यूसी फुकट देतो म्हणणारे आधी प्लेअर आयडी मागतात, मग फेसबुकचा पासवर्ड, मग ओटीपी. खरा कोड कंपनीच काढते आणि तो कंपनीच्याच साइटवर चालतो. फेब्रुवारी २०२२मध्ये भारतात फ्री फायरवर बंदी आल्यापासून भलत्या ठिकाणच्या एपीके फाइलीही फिरतात. त्यांना हात लावू नका.

• शून्य रुपयांच्या गेमसाठी कार्ड देऊ नका. एपिकवर फुकट गेमला कार्ड लागत नाही. ‘फक्त पडताळणीसाठी’ कोणी मागितलं तर तिथून निघा.

• मुलाचं वय वाढवून टाकू नका. लवकर आत जाता यावं म्हणून घरचीच माणसं हे करतात आणि मुलांसाठी असलेलं संरक्षण आपणच काढून घेतो. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘फोर्टनाइट’ या गेमप्रकरणी एपिकला २७.५ कोटी डॉलर दंड लावला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतली होती आणि अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय आधीपासूनच चालू ठेवली होती. आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो, पालकांची संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. तोवर व्हॉइस चॅट बंद करणं, पालकांचा पिन लावणं ही कामं घरातच करावी लागतील.

• फसल्यावर गप्प बसू नका, मुलाला रागावूही नका. रागाच्या भीतीनं मूल दोन दिवस लपवतं आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग गेमचा. सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा. स्टीम असेल तर आपण न बनवलेली एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रॅमला खात्यात हात घालू देणारी किल्ली) दिसते का पाहा आणि ती रद्द करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

• न खेळलेल्या गेमची खाती तशीच पडू देऊ नका. एका फुकट गेमसाठी उघडलेलं आणि मग विसरलेलं खातं शोधा, जोडलेली फेसबुक-गूगल खाती तोडा आणि डिलीटची विनंती पाठवा. नुसतं अ‍ॅप काढून खातं जात नाही.