अनियमित क्रियापदे : भीती नको, सवय हवी



बी. ए. झाल्यानंतर मी नोकरीसाठी एका मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या साहेबांनी इंग्रजीत विचारले, "संगणकाच्या वर्गाला गेला होतात का?" मी घाईघाईने उत्तर दिले, "नो सर, आय डिड नॉट वेंट." साहेब काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्या हसण्याने मी इतका गांगरलो की पुढच्या प्रश्नांची येत असलेली उत्तरेही घशात अडकली. ती नोकरी मिळाली नाही. तेवढ्या एका चुकीमुळेच गेली असे मी म्हणणार नाही. पण घरी येऊन मी प्रथम वही काढली आणि क्रियापदांची तीन रूपे लिहू लागलो. त्या वहीतले चार धडे आज आपल्यापुढे ठेवतो.

चूक का होते?

मराठीत आपण "मी गेलो" म्हणतो आणि "मी गेलो नाही" असेही म्हणतो. नकारातही भूतकाळाचे रूप तसेच राहते. तीच सवय आपण इंग्रजीत नेतो आणि "डिड नॉट वेंट" म्हणून बसतो. इंग्रजीत भूतकाळाचा भार "डिड" उचलते, म्हणून पुढे पहिलेच रूप येते : डिड नॉट गो, डिड यू गो. साधा भूतकाळ सांगताना दुसरे रूप : आय वेंट. हॅव, हॅज, हॅड यांच्यापुढे तिसरे रूप : ही हॅज गॉन. कर्मणी प्रयोगातही तिसरेच : द लेटर वॉज रिटन. रूपे पाठ असूनही हा नियम माहीत नसेल, तर पाठांतर वाया जाते.

आपल्या मराठीतही हेच आहे

बसणे–बसला, उठणे–उठला हे सरळ. पण करणे–केला, येणे–आला, देणे–दिला, घेणे–घेतला, होणे–झाला, मरणे–मेला? लहान मूल "मी करलं" म्हणते आणि आपण हसून "केलं म्हण" असे सांगतो. "जाणे"चे "गेला" तर वेगळ्याच मुळापासून आले आहे. इंग्रजीतही तसेच : "वेंट" हे मुळात "वेंड" या दुसऱ्या क्रियापदाचे रूप, ते "गो"च्या घरी येऊन राहिले.

दोन्ही भाषांत अनियमित राहिली ती रोजच्या वापरातली क्रियापदे. जुन्या इंग्रजीत आतला स्वर बदलून भूतकाळ करण्याची पद्धत होती. जी क्रियापदे कमी वापरली गेली, त्यांतली बरीच हळूहळू "एड" लावणाऱ्यांच्या रांगेत गेली. जी सतत तोंडात होती, ती टिकली. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी ही सगळी अनियमितच. म्हणजे ज्यांचा सराव सर्वांत जास्त होतो, तीच आपल्याला शिकायची आहेत. शिवाय यादी वाढण्याची भीती नाही : डाउनलोडसारखे नवे क्रियापद "एड" लावूनच चालते.

गट पाडा

सरसकट यादी पाठ करू नका. गट पाडा.

१. तिन्ही रूपे सारखी : कट, पुट, हिट, हर्ट, शट, कॉस्ट. "रीड–रेड–रेड"चे स्पेलिंग तेच राहते, उच्चार बदलतो.

२. दुसरे व तिसरे सारखे : कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, सेंड–सेंट, लेंड–लेंट, स्पेंड–स्पेंट, सेल–सोल्ड, टेल–टोल्ड, बाय–बॉट, ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट.

३. पहिले व तिसरे सारखे : कम–केम–कम, रन–रॅन–रन.

४. तिन्ही वेगळी : सिंग–सँग–संग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, बिगिन–बिगॅन–बिगन, तसेच राइट–रोट–रिटन, स्पीक–स्पोक–स्पोकन, ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, गिव्ह–गेव्ह–गिव्हन.

गो आणि बी यांचीही तिन्ही रूपे वेगळी, पण ती कोणत्याच ठरावीक साच्यात बसत नाहीत. ती वेगळीच लक्षात ठेवा.

लक्षात कसे ठेवावे?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस वाटून घेतलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. म्हणून रोज फक्त पाच क्रियापदे घ्या. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्यांची उजळणी करा. वीस दिवसांत शंभर होतात. शाळेच्या कामाला एवढी पुष्कळ आहेत. उजळणीच्या वेळी दुसरे व तिसरे रूप हाताने झाका, आधी आठवा, मगच हात काढा. नुसते वाचत राहिल्याने येते असे वाटते. पेपरात मात्र आठवत नाही.

प्रत्येक क्रियापदाचे स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य करा. अलोऱ्याहून चिपळूणला जाणाऱ्याने लिहावे, "आय वेंट टू चिपळूण बाय एस. टी." बँकेच्या काउंटरवर मी पासबुक हरवल्याचे अर्ज पाहतो. कुणी "आय हॅव लूज माय पासबुक" लिहितो. "लूज–लॉस्ट–लॉस्ट", म्हणून "आय हॅव लॉस्ट" हवे. पैसे काढणे म्हणजे "विथड्रॉ–विथड्र्यू–विथड्रॉन". स्लिप भरता भरताही एक क्रियापद पक्के होते.

पालकांना विनंती

महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. आमच्या वेळी ते पाचवीत भेटले. मुलांना आमच्यापेक्षा चार वर्षे जास्त मिळाली, पण घरी विचारणारे कुणी नसेल तर ती वाया जातात. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी चालेल. वही हातात घेऊन "गोचे दुसरे रूप काय?" एवढे तर विचारता येते. उत्तर वहीतच असते. पूर्वी संध्याकाळी घरोघर पाढे म्हणत, तसे मंडळाच्या सभागृहात चार मुलांनी बसून पंधरा मिनिटे ही रूपे म्हणावीत. मोठ्याने म्हटलेले कानात राहते.

आणि चूक झाली तर मुलाला हसू नका. हसण्याने तोंड बंद होते, हे मी अनुभवाने सांगतो. चूक दुरुस्त करा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावा. "आय डिड नॉट गो" हे वाक्य मला आता झोपेतही चुकत नाही. माझ्या उशिरा शिकण्याचा उपयोग तुम्हाला वेळेवर व्हावा, एवढीच इच्छा.