खाटेवरून जगाशी बोलताना : एका वैद्यकीय संस्थेची समाजमाध्यमे आणि आपली भाषा



मध्यंतरी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो फिरत होता. दवाखान्याच्या खाटेवर लहान मुलगी, नाकात नळी, खाली मदतीचे आवाहन आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. मुलीचे नाव होते, गाव होते, आजारही होता. दोन दिवसांनी एकीने विचारले, "सर, हा फोटो टाकण्याआधी त्या मुलीला कुणी विचारलं असेल का?" गट गप्प झाला. मीही गप्प झालो, कारण तो फोटो मीसुद्धा पुढे पाठवला होता.

दुसऱ्याचे दुःख जगाला सांगायचे, तर कसे सांगायचे? हा प्रश्न जिला रोज सोडवावा लागतो अशा एका संस्थेकडे आज बघू या : मेदसाँ साँ फ्राँतिएर, म्हणजेच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'. सोयीसाठी आपण तिला एमएसएफ म्हणू.

डॉक्टर आणि पत्रकार

नायजेरियात १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे युद्ध झाले. उपासमारीने मुले मरत होती. तिथे काम करून आलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना वाटले, नुसते उपचार करून गप्प बसणे पुरेसे नाही. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये पॅरिसला डॉक्टर आणि पत्रकार यांनी मिळून ही संस्था स्थापन केली. उपचार करणे आणि जे पाहिले त्याची साक्ष देणे, ही तिची दोन कामे. १९९९ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण साक्ष फुकट देता येत नाही. इथिओपियाच्या दुष्काळात सरकार लोकांना सक्तीने दूरच्या भागांत हलवत होते. त्याविरुद्ध एमएसएफची फ्रेंच शाखा उघडपणे बोलली आणि १९८५ च्या अखेरीस तिला देशाबाहेर काढण्यात आले. बोलल्यामुळे जगाला कळले, पण तिथल्या रुग्णांचे डॉक्टर गेले. म्हणजे बघा, बोलण्याची किंमत नेहमी बोलणाराच मोजतो असे नाही.

आज हीच साक्ष ट्विटर (आताचे एक्स), फेसबुक, इन्स्टाग्रामवरून दिली जाते. त्याच पानांवर देणगीचे आवाहनही असते. या संस्थेचा बहुतेक निधी सरकारांकडून येत नाही, सामान्य देणगीदारांकडून येतो. त्यामुळे साक्ष आणि आवाहन शेजारी शेजारी नांदतात, आणि ओढाताण तिथेच सुरू होते.

कुंदुझ : कर्ता कुठे गेला?

अफगाणिस्तानातील कुंदुझ शहरात एमएसएफचे अपघात व जखमींवरील उपचारांचे रुग्णालय होते. त्याचे अक्षांश-रेखांश लढणाऱ्या सर्व बाजूंना कळवलेले होते. तरीही ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, अमेरिकी लष्कराच्या विमानाने त्यावर मारा सुरू केला. सुमारे तासभर तो चालला. अतिदक्षता विभागातले रुग्ण खाटांवरच जळाले.

आता भाषेकडे लक्ष द्या. लष्कराच्या पहिल्या निवेदनाचा आशय असा होता : हल्ल्यामुळे जवळच्या वैद्यकीय केंद्राचे 'कोलॅटरल डॅमेज' झाले असावे. 'आनुषंगिक हानी'! जणू बैल उधळला आणि शेजारचे कुंपण मोडले. या शब्दात माणूस नाही. 'झाले असावे' या क्रियापदात करणाराही नाही.

मात्र एमएसएफच्या अगदी पहिल्या संदेशांतही कर्ता नव्हता. रुग्णालयावर सतत बॉम्बमारा झाला, मोठे नुकसान झाले, असाच मजकूर होता. मग दोघांत फरक काय? पहिल्या तासांत एमएसएफने पाहिले तेवढेच सांगितले. मृतांची संख्या पहिल्या बातमीत तीन होती, त्याच दिवशी रात्रीपर्यंत १९ झाली. हल्ला कुणाचा हे कळल्यावर संस्थेने कर्ता उघड लिहिला आणि 'कोलॅटरल डॅमेज' हा शब्द आम्हाला मान्य नाही असे ठणकावून सांगितले. डिसेंबरमध्ये अंतिम मोजणी आली : ४२ मृत. २४ रुग्ण, १४ कर्मचारी, रुग्णांसोबतचे चार नातेवाईक.

म्हणजे कर्ता नसलेले वाक्य प्रत्येक वेळी खोटे नसते. माहीत नाही म्हणून कर्ता न लिहिणे हा प्रामाणिकपणा. माहीत असून न लिहिणे ही लपवाछपवी. व्याकरण तेच, नीती वेगळी.

संस्थेने स्वतंत्र चौकशीची मागणी समाजमाध्यमांवर लावून धरली. ऑनलाइन अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेच्या अध्यक्षांनी फोन करून माफी मागितली. अमेरिकी लष्कराने स्वतः चौकशी करून १६ जणांवर प्रशासकीय कारवाई केली. पण मागितलेली स्वतंत्र चौकशी झालीच नाही. ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धातील रुग्णालयांच्या संरक्षणासाठी ठराव क्रमांक २२८६ मंजूर केला, तरी रुग्णालयांवरचे हल्ले थांबले नाहीत. समाजमाध्यम लक्ष वेधून देते. न्याय देईलच असे नाही.

चेहरा कुणाचा?

दुसरी बाजूही पाहू, कारण या वेळी चूक संस्थेचीच होती. २०२२ मध्ये काँगो देशातील लैंगिक अत्याचार सोसलेल्या एका अल्पवयीन मुलीची, तिची ओळख पटेल अशी छायाचित्रे एमएसएफने प्रसिद्ध केली. जोरदार टीका झाली. शेवटी छायाचित्रे काढावी लागली.

संमती घेतली की झाले, असे आपल्याला वाटते. पण जरा त्या खाटेवर बसून पाहा. औषध देणाऱ्यांच्याच संस्थेने फोटो मागितला, तर 'नको' म्हणायची हिंमत किती जणांना होईल? शिवाय फोटो दूरच्या देणगीदारापुरता राहत नाही. मोबाईल तिच्या गावातही आहे. उद्या शेजाऱ्याच्या हातातही तो चेहरा येऊ शकतो.

हे फार दूरचे नाही. मुंबईत गोवंडीला एमएसएफने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर उपचार केले आहेत. हे उपचार दीर्घकाळ चालतात. अशा रुग्णाचा चेहरा पसरला तर भाड्याची खोली, नोकरी, ठरलेले लग्न, काहीही जाऊ शकते. चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते : गोळ्या मोजणारे हात, दाराशी ठेवलेली चप्पल, रुग्णाचे स्वतःचे शब्द. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे वेगळे शिकवायला नको.

शेअर करण्यापलीकडे

एमएसएफ, अमेरिकन व ब्रिटिश रेड क्रॉस आणि ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम यांनी २०१४ मध्ये 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम सुरू केला. घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरे आखायची, म्हणजे नकाशावर नसलेल्या वस्तीपर्यंत मदत पोहोचते. अंगठा दाखवण्यापेक्षा तासभराचे हे काम मोलाचे. त्यात कुणाचा चेहराही लागत नाही.

तो फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकला. मी ज्यांना पाठवला होता त्यांनाही तसे कळवले. दोघांनी उत्तर दिले, बाकीच्यांनी नाही. उशीर झाला होता, एवढे मात्र कळले.

विचार करा, लिहून पाहा

१. आजच्या वर्तमानपत्रातून 'झाले', 'घडले', 'करण्यात आले' अशी पाच वाक्ये शोधा. कर्ता माहीत नव्हता की लपवला, ते ठरवा.

२. नाव, गाव आणि चेहरा न सांगता एका रुग्णाची गोष्ट शंभर शब्दांत लिहा. मग स्वतःला विचारा : ही त्या रुग्णासमोर मोठ्याने वाचता येईल का?

३. इथिओपियात तुम्ही डॉक्टर असता, तर बोलला असता की गप्प राहून उपचार करत राहिला असता? पुढच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलायला तयार होऊन या.