ध्वनिवर्धकाची उंची आणि शेवटच्या रांगेतला श्रोता

गावातील सभा असो वा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, ध्वनिवर्धकाची चर्चा बहुधा तो किती मोठा वाजतो येथेच थांबते. तो जमिनीपासून किती उंच असावा, हे क्वचितच कोणी विचारतो. भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकलोलीला आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले, तेव्हा ही व्यवस्था माझ्याकडे होती. बॅटरीवर चालणारी एक पेटी, तिचा तीन पायांचा स्टँड आणि एक माईक, एवढेच साहित्य. त्या अनुभवाला अभ्यासाची जोड देऊन हा विषय मांडत आहे.

एका संध्याकाळी सर्पदंशावर व्याख्यान होते. सांगायचे ते थोडकेच होते : दंशाच्या वर घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, रक्त चोखू नका, रोग्याला शांत ठेवून ताबडतोब रुग्णालयात न्या. आता गंमत अशी की, मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलणाऱ्याचा आवाजही नेमका तेथेच उतरतो. मागे बसलेल्याला 'घट्ट दोरी बांधू' एवढेच ऐकू आले आणि 'नका' हरवले, तर त्याची जुनी समजूत पक्कीच होणार. तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत नुसता आवाज पोहोचून भागत नाही, शब्द पोहोचावे लागतात.

आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असे का होते? स्वरांची बरीचशी शक्ती खालच्या पट्टीत असते. सेकंदाला २०० कंपनांच्या ध्वनीची लांबी सुमारे पावणेदोन मीटर. असा ध्वनी माणसांना वळसा घालून पुढे जातो. क, त, स यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीवर अवलंबून असते. ३,००० कंपनांच्या ध्वनीची लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या डोक्याहूनही कमी. तो डोक्यांच्या आड अडतो, कपड्यांत शोषला जातो. पेटी टेबलावर ठेवली की पुढच्या दोनतीन रांगा व्यंजने अडवतात आणि मागच्यांना नुसता घुमारा ऐकू येतो. आवाज वाढवला तर पुढच्यांचे कान किटतात, मागच्यांचा घुमारा तेवढा वाढतो.

यावर उपाय उंचीचा. जमिनीवर बसलेल्या माणसाचा कान सुमारे ८० सेंटिमीटरवर असतो. पेटीचा मध्य २.८ मीटरवर नेला, तर दोहोंत दोन मीटरांचे अंतर पडते. पहिली रांग दोन मीटरवर आणि शेवटची वीस मीटरवर आहे असे समजू. पेटी कानाच्या पातळीत असेल तर दोन्ही रांगांच्या अंतरांचे प्रमाण दहापट, म्हणजे मोकळ्या जागेत २० डेसिबलचा फरक. पेटी उंच नेली की पहिल्या रांगेपासूनचे तिरपे अंतर २.८ मीटर होते, प्रमाण सातपटीवर येते आणि फरक १७ डेसिबलचा राहतो. शिवाय पुढचे लोक पेटीच्या थेट समोर नसून तिच्या तोंडाखाली येतात, म्हणून त्यांना तीव्र आवाज आणखी कमी लागतो. कीर्तनकार उभा राहतो आणि श्रोते बसतात, त्यातही हेच तत्त्व आहे.

उंचीबरोबर कलही हवा. पेटीचे तोंड सरळ ठेवले तर बराच आवाज डोक्यांवरून निघून जातो. शेवटून तिसऱ्या हिश्शावर, वरील उदाहरणात सुमारे चौदा मीटरवर, रोख धरला तर पेटी आठ अंश पुढे झुकवावी लागते. त्यासाठी स्टँडवर कलता जोड लावावा. खाली विटेचा तुकडा सरकवू नये. स्टँडचे पाय पूर्ण फाकवावेत, खिट्टी घालावी, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि वर विजेची तार नाही ना, हे आधी पाहावे. माईक पेटीच्या मागे ठेवावा, म्हणजे शीळ वाजत नाही.

मग झाडाच्या शेंड्यावर कर्णा बांधला तर अधिक चांगले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. फार उंचावरचा आवाज सभेबाहेर जातो. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड झाली की ध्वनी खाली वाकतो आणि नदीच्या खोऱ्यात दूरवर ऐकू येतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. योग्य उंचीमुळे कमी आवाजात काम भागते, हा शेजाऱ्यांचाही लाभ.

शेवटी परीक्षेची एक साधी रीत सांगतो. आम्ही ती अकलोलीत वापरली. सभेआधी एकाने माईकवर नेहमीच्या आवाजात काही वाक्ये वाचावीत. काही 'करा'ने संपणारी, काही 'नका'ने. दुसऱ्याने शेवटच्या रांगेत खाली बसून प्रत्येक वाक्यानंतर 'करा'साठी हात वर करावा, 'नका'साठी खाली ठेवावा. तेथे बहुधा उशिरा येणाऱ्या बाया आणि म्हातारी माणसे बसतात. हात चुकला, तर आवाजाचे बटण फिरवण्याआधी उंची आणि कल तपासावा.